‘घरी न्या’ म्हणाले, आता पुढे काय?

वाचकाचे पत्र

डॉक्टरबाई,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका खेड्यात राहते. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. किरणोपचार आणि केमो दोन्ही झालं, बरं वाटलं. गेल्या चवथीला नेवऱ्यासुद्धा त्यांनी स्वतः तळल्या. या पावसाळ्यात मात्र त्यांची कंबर धरली. तपासण्या झाल्या, आजार कंबरेच्या हाडांत पोचलाय असं बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात कळलं. आता केमोचा उपयोग नाही, घरी न्या, असं सांगून मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी अर्धी.

माझे दीर दुबईला असतात. ते म्हणाले, ती अफू आहे, एकदा लावली की सुटत नाही, आणि ती द्यायची म्हणजे आपण आईची आशा सोडली. म्हणून अगदीच कळवळल्या तर एखादी गोळी देतो, एरवी कपाटात. रात्री त्या भिंतीकडे तोंड करून, पदर तोंडात धरून पडलेल्या असतात. काजूची बागायत विकून मुंबईला न्या, असं दीर म्हणतात. शिवाय दोन लाखांत गाठ विरघळवून देतो म्हणणारा एक वैदू घरी येऊन गेला. सासूबाईंना आम्ही वाताचं दुखणं आहे असंच सांगतो. मोठ्या जावेने मुलांच्या भीतीने त्यांचं ताट-पेला वेगळा केलाय. अंगावरून जाणाऱ्या पाण्याला वास येतो, त्यामुळे त्या स्वतःच खोलीबाहेर येत नाहीत.

आणखी एक. मी पंचायतीत पंच आहे. वाड्यांवर फिरते तेव्हा असे बरेच जण दिसतात. कुणाला पक्षाघात, कुणाला तोंडाचा कर्करोग. सगळे खाटेला खिळलेले आणि घरचे हतबल. आमच्या एवढ्याशा पंचायतीला यात काही करता येईल, की हे मोठ्या इस्पितळांचंच काम?

— सत्तरीतील एक सून

उत्तर

ताई,

तुमचे प्रश्न पुष्कळ आहेत, पण सगळ्यांची घाई सारखी नाही. बागायत काही उद्या विकली जात नाही. सासूबाई मात्र आज रात्रीही पदर तोंडात धरून पडणार आहेत. म्हणून आधी त्यांच्या दुखण्याचं बोलू.

कपाटातल्या गोळ्या बाहेर काढा. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांशी किंवा तुमच्या आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आजच बोला आणि त्यांनी विचारण्याची वाट न पाहता दोन गोष्टी सांगा: आतापर्यंत किती गोळ्या पोटात गेल्या, आणि लघवी पूर्वीइतकी होते की कमी झाली. लघवीचं मुद्दाम सांगते आहे. हा आजार ओटीपोटात वाढला की मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या दाबल्या जाऊ शकतात. मूत्रपिंडं थकली की मॉर्फिन शरीरात साठतं. मग मात्रा कमी करावी लागते, दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवावं लागतं, नाहीतर औषधच बदलावं लागतं. डॉक्टर हो म्हणाले की चिठ्ठीत लिहिलंय तसं, घड्याळ बघून सुरू करा.

घड्याळ यात सगळ्यात महत्त्वाचं. कळवळल्यावर एखादी गोळी द्यायची हा तुमचा रिवाज मोडा. पाऊस डोक्यावर आल्यावर कोणी घराचे नळे परतत नाही. तसंच हे आहे, दुखणं चढायच्या आधी औषध पोटात हवं. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर चारेक तास राहतो. म्हणून सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा वेळा धरतात. रात्रीची मात्रा वाढवून पहाटेपर्यंत झोप मिळेल अशी सोयही डॉक्टर करून देतात. तुमच्या चिठ्ठीत ती नसेल तर विचारा. दोन वेळांच्या मध्ये दुखणं उसळलं तर जादा गोळी किती द्यायची, दिवसातून किती वेळा, हेही लिहून घ्या. एक शाळेची वही करा. वेळ, मात्रा, आणि दुखणं रुपयात किती. बारा आणे, आठ आणे, चार आणे असं सासूबाई स्वतःच सांगतील. डॉक्टरांना ही वही कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त कामाची असते, कारण मात्रा वाढवायची की नाही हे तिच्यावरूनच ठरतं.

आता दिरांच्या भीतीचं. हा भाग त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. मॉर्फिन अफूपासूनच काढतात, यात ते चुकत नाहीत. पण नशेसाठी घेणारा आणि हाडात शिरलेल्या कर्करोगासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडाने घेणारा, या दोघांत फार अंतर आहे. अशा रुग्णांत व्यसन क्वचितच दिसतं. काही दिवसांनी मात्रा वाढवावी लागते ती बहुतेक वेळा आजार वाढल्यामुळे. शरीराला सवय होते हे खरं, म्हणून गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. दुसऱ्या उपायाने दुखणं कमी झालं तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. मॉर्फिन म्हणजे शेवट हेही खरं नाही. दुखणं आवरलं म्हणून पुन्हा उठून बसणारी, अंगणात येणारी, पेज मागणारी माणसं मी पाहिली आहेत.

त्रास होतात, ते आधीच माहीत असू द्या. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळेल. बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. मळमळीची गोळी मागून ठेवा. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, ती मॉर्फिन चालू असेपर्यंत राहते. म्हणून शौचाचं औषध पहिल्या दिवसापासून, रोज. घरोघरी असतं ते इसबगोल इथे नको. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या पोटात ते घट्ट बसतं. बिसाकोडिल, सनाय, लॅक्टुलोज यांतलं काय आणि किती, ते डॉक्टर सांगतील. कितीही गोळ्या दिल्या आणि शौचाचं पाहिलं नाही, तर चौथ्या दिवशी घरचेच म्हणतात की गोळीनं पोट बिघडलं, बंद करा. हे मी वारंवार पाहिलं आहे, म्हणून इतकं लांबवून सांगितलं. हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, बरळणं किंवा हातपाय झटकणं सुरू झालं असेल, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना कळवा, नाहीतर १०८ बोलवा. गोळ्या कुलपात ठेवा आणि उरल्या तर इस्पितळात परत करा.

‘घरी न्या’ याचा अर्थ उपचार संपले असा तुम्ही घेतला. तुम्हाला तसंच सांगितलं गेलं असेल, तर सांगणाऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं. कर्करोग हटवायचे उपचार थांबलेत. बाईंचे उपचार थांबायचं कारण नाही. आजार हटत नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या या उपचारांना ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. हाडातल्या दुखण्यासाठी एकाच बैठकीचा किरणोपचार मिळेल का, ते कर्करोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. पूर्वी त्याच भागाला किरणं दिली असल्यामुळे ते तपासून ठरवतील, पण विचारल्याशिवाय ही गोष्ट निघतच नाही. एका बैठकीने मिळणारा आराम अनेक बैठकींइतकाच असतो, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे, आणि खाटेवरच्या माणसाच्या फेऱ्या वाचतात. हाडं बळकट करणारी इंजेक्शनंही असतात. अचानक पायांतली शक्ती गेली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तो मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो, त्याच दिवशी बांबोळी गाठा.

वासाचं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत, पण माझ्या मते घरातला सगळ्यात मोठा छळ तोच आहे. दुखणं माणूस चारचौघांत बसून सोसतो, वास त्याला चारचौघांतून उठवतो. तो येतो जखमेतल्या जंतूंमुळे, आणि मेट्रोनिडाझोल हे साधं, स्वस्त औषध त्यावर चांगलं चालतं. पोटातून द्यायचं की जागेवर लावायचं, ते डॉक्टर किंवा नर्स ठरवतील. खिडक्या उघड्या ठेवा, सुती कापडाच्या घड्या वरचेवर बदला, अगरबत्तीचा धूर कोंडू नका. या आजारात कधी एकाएकी जास्त रक्त जातं. म्हणून उशाशी दोन-तीन गडद रंगाचे टॉवेल ठेवा, लाल किंवा तपकिरी. पांढऱ्या कापडावर थोडं रक्तही भयंकर दिसतं, आणि त्या भीतीनं सगळं घर उठतं. तसं झालं तर टॉवेलची घडी दाबून धरा, हात हातात घ्या, आणि १०८ बोलवा.

ताट-पेला आजच एकत्र करा. कर्करोग एकत्र जेवून, एका खाटेवर बसून, मिठी मारून पसरत नाही. जावेला दोष देऊ नका, तिला कुणी सांगितलंच नसेल. मुलांना आजीजवळ जाऊ द्या.

मुंबईचं. दिरांचं मन मला कळतं. लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी मोठं केल्याशिवाय चैन पडत नाही. पण हाडात आजार शिरलेल्या बाईला रात्रभराच्या कोंकणकन्येतून नेणं, परळच्या फुटपाथवर नंबर लावणं, भाड्याच्या खोलीत ठेवणं, याआधी एक सोपं काम आहे: फाईल पाठवा. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून कागद पाठवून मिळवता येतं. त्यांनी एखादा उपयोगी उपचार सुचवला, तर तो बांबोळीला किंवा गोव्यातच मिळतो का ते पाहू. आपल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड चालू आहे का ते तपासा. हे सगळं होईपर्यंत बागायतीच्या कागदाला कुणी हात लावू नये. आणि दिरांना माझा निरोप सांगा: पैसे पाठवण्यापेक्षा रजा काढून या. रात्रीची १० ची गोळी तुम्ही द्या, आईला कुशीवर वळवा. आईला मुलगा हवा आहे, आणि तुमच्या वहिनीला झोप.

वैदूला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. देवाला गाऱ्हाणं घाला, कौल लावा, त्याने तुमच्या मनाला धीर येतो. ज्याचे दोन लाख पडतात आणि ज्यासाठी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगतात, ते मात्र घरात नको.

सत्य सांगायचं की नाही? मला विचाराल तर सासूबाईंना बरंचसं कळलेलं आहे. वाताच्या दुखण्याला कोणी कपाटात कुलूप लावून गोळ्या ठेवत नाही. घरातली कुजबुज माणसाला एकटं पाडते. त्यांना आधी विचारा, ‘आई, तुम्हाला काय वाटतं, कसलं दुखणं असेल हे?’ मग गप्प राहा. त्या जेवढं विचारतील तेवढं खरं सांगा, न विचारलेलं लादू नका. कदाचित त्या म्हणतील, मला काही सांगू नका, तुम्हीच बघा. तोही त्यांचा हक्क. कदाचित त्या एखादी इच्छा सांगतील: मुलीला भेटायचंय, देवीला ओटी भरायचीय, मला शेवटी इस्पितळात नेऊ नका. हे शेवटचं सांगितलं तर ते कागदावर आणता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला (‘लिव्हिंग विल’) मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर असलेले न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं, तेव्हा आपल्याकडे त्याची बरीच चर्चा झाली होती. घाई नाही, आणि सक्ती तर अजिबात नाही.

घरी झेपेनासं झालं तर सासष्टीत लोटलीला शांती आवेदना सदन आहे. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरा न होणाऱ्या आजाराच्या रुग्णांना सांभाळणारं घर, ज्या संस्थेने काढलं, तिचंच हे गोव्यातलं केंद्र. पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांना तिथे पैसे न घेता सांभाळतात. तिथे पाठवणं म्हणजे टाकून देणं नव्हे. दुखणं आवरेपर्यंत ठेवून पुन्हा घरी आणता येईल का, हेही विचारता येतं. तुम्ही एकट्या उचलता, धुता, जागता, हे पत्रात न लिहिताही दिसतं. तुमची पाठ मोडली तर त्या घरात दुसरं कोण आहे?

आता पंचायत. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारता, हे मोठ्या इस्पितळांचंच काम का? उलट आहे. मोठ्या इस्पितळाला हे एकट्याने जमलेलं नाही, कुठेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि त्यांतल्या जेमतेम १४ टक्क्यांना ते मिळतात. गरजू बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. औषध महाग म्हणून असं झालंय म्हणावं, तर मॉर्फिन स्वस्त औषधांत मोडतं. अफू आपल्याच देशात पिकते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने तिची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, परदेशातही माल जातो. पण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि त्यातल्या शिक्षांच्या धाकाने इस्पितळांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. एकाच औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, आणि एकाची मुदत संपली की सगळं ठप्प. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घसरला. डॉक्टरांची एक पिढी हे औषध न लिहिता निवृत्त झाली. दिरांच्या मनातली भीती त्यांची एकट्याची नाही, ती अशी वरून खाली झिरपत आली आहे.

संसदेने २०१४ मध्ये तो कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधं आता अत्यावश्यक धरली जातात, आणि मान्यता मिळालेल्या इस्पितळाला राज्याच्या औषध नियंत्रकाच्या एकाच परवानगीवर ती ठेवता येतात. त्यासाठी या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर तिथे हवा. एवढंच. म्हणजे वाळपईच्या सरकारी इस्पितळासारख्या ठिकाणी मॉर्फिन मिळायला कायद्याची आडकाठी उरलेली नाही. माणूस शिकलेला हवा आणि कुणीतरी पाठपुरावा करणारं हवं. तुमची पहिली मागणी हीच असू द्या: तालुक्यात किमान एका ठिकाणी प्रशिक्षित डॉक्टर आणि मॉर्फिनचा साठा. गोळ्या संपल्या म्हणून कुणाला बांबोळीपर्यंत कदंब बसने जावं लागू नये. जाणारा नातेवाईक असला तरी त्याचा दिवसाचा रोज बुडतोच.

केरळात हे पंचायतींनी करून दाखवलं आहे. १९९३ मध्ये कालिकतच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी सहकाऱ्यांसह एक लहानसं वेदना-चिकित्सालय सुरू केलं. ज्यांना खरी गरज आहे ते तर इथवर येऊच शकत नाहीत, हे त्यांना लवकरच उमगलं. मग गावातल्या शिक्षकांना, दुकानदारांना, विद्यार्थ्यांना शिकवून त्यांनी घरोघरी पाठवायला सुरुवात केली. २००८ मध्ये राज्य सरकारने त्यावर धोरण केलं, आणि पंचायतींच्या खर्चाने घरी जाणाऱ्या नर्स नेमल्या जाऊ लागल्या. तिथेही पैसा काही वाहत नव्हता. गावातल्या लोकांनी हे काम आपलं मानलं, म्हणून ते टिकलं.

आपल्या गोव्यात पंचायती १९१. अंतरं लहान, रस्ते बरे, आरोग्य केंद्र कुठूनच फार लांब नाही. साधनं नाहीत असं आपल्याला म्हणता येणार नाही. ती बांबोळी, म्हापसा, मडगावला गोळा झाली आहेत, आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर खाट धरलेला माणूस कुणाच्याच यादीत नाही. यादी करा, ताई. अंगणवाडी सेविका आणि स्वयंसाहाय्य गटातल्या बायकांना प्रत्येक घर माहीत असतं. कुणाच्या घरात कोण झोपून आहे, काय दुखतं, सांभाळणारं कोण, औषध कुठून येतं. घरच्यांची परवानगी घेऊनच लिहा आणि ती वही पंचायतीच्या टेबलावर उघडी पडू देऊ नका. फक्त कर्करोगाचे नकोत. पक्षाघात, मूत्रपिंडाचे, फुप्फुसाचे, म्हातारपणाने खिळलेले, सगळे घ्या. तुमच्या वाड्यांवरचे आकडे हातात आले की आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलणं सोपं जातं.

दुसरं, पंचायत घरात एक खोली किंवा कपाट वस्तूंसाठी. एअर बेड, चाकाची खुर्ची, वॉकर, संडासाची खुर्ची, पाठीला टेकू देणारी चौकट. एका घरात काम झालं की वस्तू माळ्यावर धूळ खात पडतात आणि पलीकडच्या वाड्यावर दुसरं घर तीच वस्तू नवी विकत घेतं. देणारे पुष्कळ मिळतील, नोंद ठेवून परत आणणारा एक माणूस शोधा. इथे एक सांगते: वाटपाचा कार्यक्रम, रुग्णाबरोबर फोटो, हे करू नका. एकदा फोटो निघाला की शेजारचं घर वस्तू मागायला लाजतं.

तिसरं, माणसं. आठवड्यातून दोन तास देणारी पाच-सहा पुरेत, त्यात दोन-तीन पुरुष असावेत, कारण उचलायला लागतं. त्यांना आरोग्य केंद्रातल्या नर्सकडून शिकवून घ्या: दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठीवर लाल डाग दिसला तर काय करायचं, तोंड कसं स्वच्छ ठेवायचं, जेवण का कोंबायचं नाही. औषध देणं-घेणं स्वयंसेवकांनी करायचं नाही. त्यांनी घरच्या बाईला दोन तास झोपायला मिळेल असं पाहायचं, आणि घरातलं बाहेर बोलायचं नाही. डॉक्टर-नर्ससाठी तिरुअनंतपुरमची पॅलियम इंडिया ही संस्था प्रशिक्षण देते, ऑनलाइनसुद्धा. आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्यासाठी वेळ मिळावा, एवढं तुम्ही वर मागा.

आरोग्य केंद्राकडून कुणी उपकार करतंय असं वाटून घेऊ नका. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हे उपचार आहेत, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या सेवांच्या यादीतही आहेत. कागदावर असलेलं तुम्ही वाड्यावर मागता आहात.

हे सगळं शेवटच्या दिवसांसाठी असतं, ही समजूतही गावात मोडायला हवी. बोस्टनमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर ही काळजीही मिळाली, ते रुग्ण जास्त बऱ्या मनःस्थितीत होते, शेवटी शेवटी जहाल उपचार त्यांनी कमी घेतले, आणि तरीही ते सरासरीने अधिक जगले: ११.६ महिने, इतर ८.९. तुमच्या सासूबाईंना किती दिवस मिळतील, हे यावरून सांगता येणार नाही. पण तुमच्या यादीतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या माणसाचे उपचार अजून चालू असतील, तरी त्याला या काळजीत आजपासूनच घ्या.

तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासणीने आधी पकडता येतो. ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. तुम्ही आणि जाऊबाई दोघींनी जाऊन या. यादी करायला घरोघरी जाल तेव्हा बायकांना हेही सांगा.

येत्या ग्रामसभेसाठी ठराव साधा ठेवा: ‘पंचायत क्षेत्रातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची नोंद ठेवण्यात यावी, आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने ठरलेल्या दिवशी त्यांच्या घरी भेट द्यावी, तालुक्यातील शासकीय इस्पितळात प्रशिक्षित डॉक्टर व मॉर्फिन उपलब्ध करावे, आणि रुग्णसाहित्यासाठी पंचायतीने खोली द्यावी.’ ठराव मंजूर झाला की एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना, एक तुमच्या आमदारांना आणि एक पणजीला कांपालच्या आरोग्य संचालनालयाला द्या. तिन्ही ठिकाणी हाताने नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्या शिक्क्याच्या आधारे स्मरणपत्र लिहा. मसुदा दाखवायचा असेल तर या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी पाहून देईन. पण त्याआधी, आज, तो डॉक्टरांना करायचा फोन.